लाडाची दाढ

मराठी घरात दाढ दुखायला लागली की एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. पहिल्या दिवशी लवंग. दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तिसऱ्या दिवशी ‘आता बरं वाटतंय’ अशी घोषणा. प्रत्यक्षात घास दुसऱ्या बाजूने चावायला सुरुवात झालेली असते, एवढंच. मग दोन वर्षं शांतता, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या आदल्या रात्री गाल टम्म. हा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याने कुणाचं फार बिघडल्याची तक्रार नाही. ज्यांचं बिघडलं त्यांना तोंड उघडून तक्रार करता येत नसावी. पण हाच कार्यक्रम चिंचिला नावाच्या प्राण्यावर लावायला गेलं की तो लवंगेपाशीच अडतो. अर्धा किलो वजन, सशाचे कान उसने घेतलेली खार म्हणावी असं रूप आणि जेमतेम बोटाचं पेर जाईल एवढं तोंड. दुखणारी दाढ त्या तोंडाच्या पार आतल्या खोलीत असते. लवंग तिथपर्यंत पोचत नाही. बोट पोचतं, पण ते परत आणण्याची जबाबदारी ज्याची त्याची.

वरणभाताखेरीज कशातलंही तज्ज्ञपण नसलेल्या माणसाने चिंचिलाच्या दातांवर मत द्यावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण मत देण्यासाठी तज्ज्ञपण लागतं असं आपल्याकडे कधी ठरलं होतं? तेव्हा मत असं, की पाळीव चिंचिलाच्या जबड्यात जे गळू होतं त्याची मुळं पुष्कळदा दाढेच्याही खाली, घरच्यांच्या हातातल्या बेदाण्यापर्यंत गेलेली असतात. म्हणजे ते लाडाचं गळू असतं. आधी त्याचे दात पाहू. चिंचिलाला एकूण २० दात. पुढे वर-खाली मिळून चार पटाशीचे, मागे १६ दाढा. आपल्याला फक्त पुढचे चार दिसतात, आणि घरातले सगळे ‘दात छान आहेत हो!’ म्हणतात ते या चारांच्या भरवशावर, चाळीचा दरवाजा रंगवलेला पाहून आतलं छप्पर शाबूत आहे म्हणावं तसं. हे पुढचे दात निरोगी असले की पिवळे-नारिंगी असतात, कारण त्यांच्या वरच्या थरात लोह असतं. पांढरेशुभ्र झाले की काळजी करायची. टूथपेस्टच्या सगळ्या जाहिराती या प्राण्याला उलट्या टांगून दाखवायला हव्यात. मुख्य भानगड पुढेच आहे: हे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे तर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. आपला एक दात पडला की आपण हळहळतो. चिंचिलाचं दुःख नेमकं उलटं, त्याचे दात थांबतच नाहीत. त्यांना थांबवायचा एकच मार्ग, तो म्हणजे दिवसभर काहीतरी खरखरीत रगडत राहणं.

चिलीच्या कोरड्या डोंगरउतारांवर हा बंदोबस्त आपोआप होतो. तिथलं गवत म्हणजे जवळजवळ काचपेपर. पात्यांत वाळूच्या जातीचे कण असतात आणि त्यातून पोषण इतकं थोडं मिळतं की पोट भरायला तासन्‌तास चघळावं लागतं. जबडा आडवा फिरतो, जात्याच्या पाळूसारखा. जेवढी दाढ वाढली तेवढी झिजली. आता हाच प्राणी, समजा, न्यू जर्सीत एडिसनच्या एका मराठी घरात आला. एडिसनच म्हणायचं कारण, २७-२८ अंशांच्या वर पारा गेला की त्याला उष्माघाताची भीती असते. नागपूरकरांनी हा लेख निव्वळ वाङ्मयीन आनंदासाठी वाचावा. तर, त्याचं नाव बंड्या ठेवलं गेलं. बंड्याला टिमोथी नावाचं सुकं गवत घालावं, तेच त्याचं पोळी-भाजी-वरण-भात, असं सांगितलेलं असतं. पुण्याला आईशी फोनवर बोलताना मुलगी म्हणते, “टिमोथी संपलाय, आणायचाय.” “हा टिमोथी कोण?” “गवत आहे, आई.” “नुसतं गवत? सणावारीही?” इथे घात होतो. ज्याला नुसतं गवत घातलं जातं तो उपाशी आहे, ही आपल्या संस्कृतीची ठाम समजूत आहे. मग सुरुवात एका बेदाण्याने होते. बेदाणा बंड्या दोन्ही हातांत धरून, मान वाकडी करून, एखाद्या चिमुकल्या न्यायाधीशासारखा खातो, आणि ते दृश्य इतकं गोड असतं की दुसरा देण्याला काही इलाज नसतो. पुढे बदामाचा तुकडा, सफरचंदाची फोड, बिस्किटाचा कोपरा. गवताची जुडी कोपऱ्यात पडून पिवळी होते. बेदाणा मऊ, तो दोन चावांत संपतो. त्याला रगडावं लागत नाही. वरून-खालून दाबला, गिळला. दाढा वाढायच्या तशा वाढत राहतात, झिजायचं काम मात्र बंद पडलेलं असतं.

वाढलेली दाढ वर जागा संपली की खाली सरकते. तिचं मूळ खालच्या जबड्याच्या हाडात घुसतं आणि बोट फिरवलं तर हनुवटीखाली गाठी लागतात. वरच्या दाढांची मुळं थेट डोळ्याच्या खोबणीकडे निघतात आणि अश्रूंची वाट दाबून धरतात. कडा वाकड्या झिजून टोकं निघतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात. दोन दाढांमध्ये फट पडते, फटीत अन्न अडकतं, अडकलेलं कुजतं, आणि मग एके दिवशी जंतू हाडात बिऱ्हाड करतात. याला माझ्या मताखेरीजही आधार आहे. डेव्हिड क्रॉस्ली नावाच्या ब्रिटिश पशुदंतवैद्याने २००१ साली रानातल्या आणि पिंजऱ्यात वाढलेल्या चिंचिलांच्या कवट्या ताडून पाहिल्या, तेव्हा पिंजऱ्यातल्यांच्या दाढा लांब निघाल्या. त्यानेच तपासलेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या पाळीव चिंचिलांपैकी साधारण एक तृतीयांशांच्या तोंडात आधीच बिघाड होता. तिघांतला एक! आपल्या एखाद्या बिऱ्हाडात दातांचं प्रमाण याहून बरं निघेल असं नाही, पण आपण निदान गवतावर दोष ढकलू शकत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. नुसत्या गवतावर, व्रतस्थासारख्या वाढलेल्या चिंचिलालाही गळू होतं. मग बेदाण्याला फाशी का? खरं आहे. वाकडा जबडा वारशाने येतो, कधी मार लागतो, कधी आहारात चुन्याचा हिशेब चुकतो. पण वारशाचा धागा ओढत गेलं तरी दुसऱ्या टोकाला माणूसच बसलेला सापडतो. मथायस चॅपमन नावाचा एक अमेरिकन खाणइंजिनिअर चिलीत तांब्याच्या खाणीवर होता. तिथे त्याला चिंचिला आवडला. त्याच्या लोकांनी डोंगर पालथे घालून कसेबसे अकरा जिवंत चिंचिला मिळवले. उष्णता सोसणार नाही म्हणून त्यांना डोंगरावरून एकदम न उतरवता थोडं उतरवायचं, मुक्काम करायचा, पुन्हा थोडं उतरवायचं, असं सुमारे वर्षभर चाललं, आणि १९२३ साली ते कॅलिफोर्नियाला पोचले. अमेरिकेतले बहुतेक पाळीव चिंचिला त्या अकरांच्या वंशातले मानले जातात. सगळी बिरादरी अकरा जणांवर उभी म्हटल्यावर कुणाचा जबडा कुणाच्या वाट्याला येईल याला सुमार नाही; एकाच वाड्यात सोयरिकी होत राहिल्या की नाकं सारखी निघतात, तसंच. आणि ही सगळी बडदास्त प्रेमापोटी होती म्हणावं, तर तीही नाही. एका केसमुळातून साठेक केस निघणाऱ्या त्या मऊ कातड्याचे कोट करायचे होते, एकेका लांब कोटाला शंभरावर कातडी लागायची. त्याच हावेपायी रानातला चिंचिला जवळजवळ नाहीसा झाला; चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाला १९१० सालीच शिकारबंदीचा करार करावा लागला होता. माणसाने चिंचिलाला आधी अंगावर घातलं आणि मग मांडीवर घेतलं. जीव लावण्यातली आपली प्रगती नाकारता येत नाही.

लाड करणाऱ्यांची मोठी अडचण अशी, की आपण केलेल्या लाडांचा परिणाम त्यांना दिसत नाही. तो दाखवायचा नाही असा चिंचिलाचा कुळाचार आहे. रानात आजारी दिसलेला प्राणी म्हणजे कोल्ह्याला दिलेलं जेवणाचं आमंत्रण. म्हणून तो शेवटपर्यंत ‘छे, कुठं काय!’ असा चेहरा ठेवतो. या बाबतीत तो अगदी आपल्या घरातल्या बाबांसारखा आहे. वाटीजवळ जातो, दाणा उचलतो, हुंगतो, खाली ठेवतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, जेवतोय. हनुवटीखालचे केस लाळेने ओले होतात, तर घरात निष्कर्ष निघतो, ‘पाणी पिताना सांडतो, वेंधळा आहे.’ डोळ्याला पाणी येतं. फोनवर आई म्हणते, “डोळा भरून येतो? दृष्ट लागली असेल. मीठ-मोहऱ्या उतरवून टाक.” चिंचिला गवत सोडून फक्त बेदाणाच खायला लागतो; खरं तर याच वेळी घराने धावत सुटायला हवं, कारण ज्याला रगडायला दुखतं तो मऊ शोधतो. घरातले म्हणतात, “बघा, निदान बेदाणे तरी खातोय!” अशा घरात खरं बोलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. कणीक मोजायचा तो काटा. पाचशे ग्रॅमचा बंड्या साडेचारशेवर आला की काटा भिडेखातर चारशे ऐंशी म्हणत नाही. पन्नास ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. सत्तर किलोच्या माणसाने सात किलो घालवले तर तो जुना आणि नवा फोटो शेजारी लावून सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. बंड्याने घालवले तर त्याला त्या दिवशीच दवाखाना गाठायचा असतो.

दवाखाना म्हणजे कोपऱ्यावरचा नव्हे. कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर चिंचिला पाहून नम्रपणे हात जोडतात. ‘एक्झॉटिक’ प्राण्यांचा जाणता शोधावा लागतो, आणि तो नेहमी तासभर लांबच असतो. तिथे दाढा पाहायला डॉक्टर कान तपासायची नळी घेतात. “अहो, दुखणं दाताचं आहे.” “हो, पण याचं तोंड कानाएवढंच आहे.” त्या नळीतूनही निम्मं दडूनच राहतं; नीट पाहायचं तर भूल द्यायची, कवटीचे चहूबाजूंनी एक्स-रे काढायचे, जमल्यास सीटी स्कॅन. आणि हनुवटीखालची ती सूज, जिला आठवडाभर ‘गुबगुबीत झालाय’ म्हणून कुरवाळलं गेलं, ती गळू निघते. आता मराठी अनुभवाप्रमाणे गळवाला कणकेचं पोटीस बांधावं, ते पिकावं, फुटावं, मोकळं व्हावं. पण चिंचिलाचं गळू फुटून वाहत नाही. त्यातला पू वाहण्याइतका पातळच नसतो. तो असतो घट्ट. रात्रभर टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखा. (ज्यांच्याकडे आज श्रीखंडाचा बेत आहे त्यांची क्षमा मागतो.) म्हणून नुसतं टोचून भागत नाही. पिशवीसकट काढायचं, खालची सडकी दाढ उपटायची, हाड खरवडायचं, आणि पुष्कळदा जखम शिवून न टाकता उघडीच ठेवून घरी रोज धुवायची. राखेसारख्या मऊ मातीत लोळून अंघोळ करणं ही या प्राण्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चैन. जखम भरेपर्यंत तीही बंद. एवढं करून उपटलेल्या दाढेच्या समोरची दाढ एकटी पडते. तिला घासायला जोडीदार उरत नाही, ती विधुरासारखी मोकाट वाढते, आणि तिला दर काही आठवड्यांनी भूल देऊन कापत बसावं लागतं. गळू परत येणं ही तर या आजाराची सवयच आहे. कधी हाड इतकं गेलेलं असतं की चांगला डॉक्टर मान हलवतो आणि शांतपणे निरोप देण्याबद्दल बोलतो. तिथे विनोदाने जरा बाहेर थांबावं हे बरं.

पण त्याआधी औषधाचा डबा. प्रत्येक मराठी घरात, मग ते पुण्यात असो की एडिसनमध्ये, जुन्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यात उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या असतात. पूर्ण कोर्स घेणं आपल्या स्वभावात नाही; दोन गोळ्या भविष्यासाठी राखून ठेवणं आहे. “अगं, बाबांच्या दाढेला दिल्या होत्या ना, त्यातल्या चार आहेत. पाव-पाव कर.” बाबांच्या दाढेला दिलेली गोळी बहुधा अमॉक्सिसिलिनची असते. माणसाच्या दाताच्या गळवाला उत्तम, आणि चिंचिलाला तोंडावाटे दिली तर गळवाच्या आधी चिंचिलाच संपण्याची शक्यता. कारण त्याच्या पोटात, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, गवत आंबवणाऱ्या जंतूंचं एक अख्खं गाव वसलेलं असतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, तशीच क्लिंडामायसिनसारखी काही, पोटात गेली की त्या गावातली सज्जन मंडळी आधी मरतात आणि विषारी टोळकं मोकळं सुटतं. उलटी करून औषध बाहेर टाकावं, तर या प्राण्याला उलटी करता येत नाही. म्हणून डॉक्टर वेगळीच औषधं देतात, एन्रोफ्लॉक्सासिन म्हणा, अझिथ्रोमायसिन म्हणा, ती आठवडेच्या आठवडे चालतात, जोडीला वेदनाशामक. इथे उरवायला काही मुभा नसते. मराठी कुटुंबाच्या इतिहासात औषधाचा संपूर्ण कोर्स पहिल्यांदा कुणी घेतला असेल, तर तो बंड्याने.

दुसरा आक्षेप काकांचा असतो. प्रत्येक घराला असे काका असतात. “उंदरावर एवढा खर्च?” हिशेबाने काकांचं चुकत नाही, शस्त्रक्रियेचं बिल प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतं, तेवढ्यात नवे चिंचिला पिंजऱ्यासकट येतील. पण किमतीवरूनच उपचार ठरवायचे, तर माणसांच्या बाबतीत कुणाला किती किमतीचं धरायचं, ही चर्चा काकांनी सुरू न केलेलीच बरी. त्यांच्या गुडघ्याची तारीख जवळ आलेली आहे. दुसरं असं, की नीट राहिला तर हा उंदीर पंधरा-वीस वर्षं जगतो. एका अमेरिकन चिंचिलाने तर २९ वर्षं काढून गिनेस बुकात नाव नोंदवलं. एवढ्या वर्षांत काकांनी चार मोटारी बदलल्या आणि प्रत्येकीच्या दुरुस्तीवर न कुरकुरता पैसे घातले. काकांचं शेवटचं अस्त्र म्हणजे निसर्ग. “रानात कोण बघतो यांचे दात? राहतातच ना टणटणीत?” राहतात. ज्यांचे बिघडतात ते दिसत नाहीत, कारण तिथे दातांच्या दवाखान्याचं काम घुबड आणि कोल्हा बघतात. पहिल्या भेटीतच इलाज कायमचा, आणि पुन्हा तपासणीला बोलावत नाहीत. बरं, निसर्गावर सोपवायचंच होतं, तर बेदाणाही निसर्गालाच देऊ द्यायचा होता.

शस्त्रक्रियेनंतर घरात सुरू होतो तो भरवण्याचा काळ, आणि इथे लाड करणाऱ्यांना नियती गाठते. चिंचिलाचं पोट रिकामं ठेवून चालत नाही. आतडी एकदा थांबली की गळवापेक्षा तेच प्रकरण लवकर जिवावर बेततं. म्हणून गवताच्या भुकटीची पेज करायची आणि बिनसुईच्या सिरिंजने, रात्री-अपरात्री धरून दर चार-सहा तासांनी पाजायची. पेजेचा रंग हिरवट, वास गोठ्याचा. बंड्याला टॉवेलात गुंडाळायचं. घट्ट धरलं तर गुदमरतो, सैल धरलं तर निसटतो, आणि निसटताना ज्या हाताने पकडाल त्या हातात केसांचा एक अख्खा पुंजका ठेवून जातो. शत्रूच्या तावडीतून सुटायची त्याची ती जन्मजात युक्ती आहे. दहा मिलिलिटर पेजेतली चार पोटात, तीन त्याच्या गळपट्टीत, उरलेली ऑफिसच्या शर्टावर. ज्या हातांनी दोन वर्षं बेदाणे दिले, त्याच हातांकडे तो आता खुन्याकडे पाहावं तसा पाहतो. अशा वेळी घरातला संवादही बदलतो. “झाली का रे?” “झाली. पाच.” “कशा?” “टणक, लांबट.” हे संभाषण लेंड्यांविषयी असतं आणि ते जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर, अभिमानाने चालतं. स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट तीन महिने पाकिटात बंद ठेवणारा माणूस फ्रिजवर तक्ता चिकटवून त्यात बंड्याचं सकाळ-संध्याकाळचं वजन लिहितो. ४४८. ४४६. ४४७. कागदावरचा तो एक ग्रॅम बघून नवरा-बायको एकमेकांकडे असं पाहतात, की मुलाच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

मग एखाद्या सकाळी बंड्या पेजेच्या आधीच टिमोथीची एक काडी ओढतो. वाकड्या मानेने, सावकाश, पण रगडतो. घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नाही. काट्यावर ४५१ येतात. पुण्याला फोन जातो. तिकडे संध्याकाळ झालेली असते, देवापाशी दिवा लागलेला असतो.

“आई, चार ग्रॅम वाढला! गवत खाल्लं त्याने, स्वतःहून!”

“गुणाचा गं माझा तो,” आई म्हणते. “किती सोसलं बिचाऱ्याने. आता तरी एक बेदाणा दे त्याला.”